डाव्या रांगेतली पवित्रा

उचगावच्या त्या शाळेत तपासणीचा साहेब यायचा म्हटलं की हंबीरराव गुरुजी पोरांना भूगोल नाही, हात वर करायला शिकवायचे. साहेबानं काहीही विचारू दे, अख्ख्या वर्गानं हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. साहेब खूश, काय वर्ग आहे, सगळ्यांना सगळं येतंय! मग गुरुजी मिशीतल्या मिशीत हसत एखादा उजवा हातवाला उठवायचे आणि तो पोपटासारखा घडाघडा बोलायचा. दरवर्षी हेच चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटायचं नाही.

१९९६ साली पवित्रा सातवीत होती. तिचा बाप मल्लेश हुक्केरीकडनं आलेला, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. घरात कानडी, दारात मराठी. त्यांच्या चाळीतली सगळी पोरं खिडकीपाशी एका रांगेत बसायची, आणि त्या वर्षी गुरुजींनी कुणाला काय येतंय हे विचारलंसुद्धा नाही. सरळ सांगून टाकलं, "ही रांग डावी."

पवित्रा उभी राहिली. "गुरुजी, मला येतंय की."

"काय येतंय?"

"समदं."

"समदं!" गुरुजी वर्गाकडं वळले. "ऐकलं का रं? चाळीत पंडित जन्माला आलीया." वर्ग खदाखदा हसला. "बस खाली. तू तोंड उघडलंस की साहेबाला वाटंल मी कर्नाटकात शिकवतोय. डावा म्हणजे डावा."

त्या दिवसापासनं पोरी तिला नावानं हाकच मारायच्या नाहीत. "ए डावे, सरक." "ए डावे, पाणी पिऊ दे." नळावरसुद्धा!

आणि तिला खरंच येत होतं हो. भडंगाच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचून मगच टाकायची. पण मल्लेशला स्वतःला अक्षर ओळखता यायचं नाही, त्याला मार्कांतलं काय कळणार? त्यानं घरात एकच सांगून ठेवलं होतं, "गुरुजी म्हणले पोरीला डोकं हाय, तर आठवीला घालतो. न्हाय म्हणले, तर आत्तीसंगं भांगलाय जायचं." म्हणजे हायस्कूल का दुसऱ्याच्या रानात खुरपं, हे सगळं गुरुजींच्या एका शब्दावर लटकलेलं. आणि गुरुजींनी तर तिला डाव्या रांगेत बसवून मोकळं केलेलं.

साहेब आला. जाडजूड, घाम पुसत. खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "पंचगंगा कुठल्या कुठल्या नद्यांची झाली, कोण सांगेल?"

सपासप हात वर. पवित्राचा डावा निम्म्यापर्यंत गेला आणि तिला काय झालं कुणास ठाऊक, तो खाली घेतला आणि उजवा असा वर केला की बाकावरनं उठलीच. गुरुजींनी डोळे वटारले. तिनं बघितलंच नाही. या वेळी साहेबानं स्वतःच नेमकं बोट केलं, "ती, खिडकीपाशी."

"कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती," एका दमात ती म्हणली. "आणि पाचवी सरस्वती. ती दिसत न्हाय."

"वा!" साहेब सरसावून बसला. "खिडकीकडच्या रांगेलासुद्धा येतंय की हो गुरुजी! मग तिच्याशेजारचा तू सांग बाळ, ही पंचगंगा पुढं कृष्णेला कुठं मिळते?"

तिच्याशेजारी ज्ञानू बसलेला. बिचाऱ्याचा डावा हात अजून ताठ वर. तो उठला, गुरुजींकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं आणि रडकुंडीला येऊन म्हणला, "साहेब, मी डावा हाय न्हवं! डाव्यास्नी इच्यारायचं न्हाय, गुरुजींनी सांगितलंय."

साहेब इतका हसला की खुर्ची करकरली. चहा पिताना पण हसत होता. जाताना गुरुजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भारी चालवलंय तुमचं, आँ?" सगळ्या शिक्षकांसमोर! गुरुजींचा चेहरा तांब्यासारखा झाला. त्यांनी ज्ञानूला फोडून काढलं. पवित्राला मात्र हात लावला नाही.

संध्याकाळी फौंड्रीतनं मल्लेश तसाच काळ्या अंगानं शाळेत आला. पोरीनं साहेबाला उत्तर दिलं म्हणून चाळभर झालं होतं, तर गडी आनंदानं गुळाची ढेप घेऊन आला. पवित्रा त्याच्यामागं.

"गुरुजी, पोरीला आठवीला घालू न्हवं? डोकं हाय न्हवं तिला?"

एवढी वर्षं गावात राहतोय, तरी गुरुजी त्याला पावणंच म्हणायचे. "पावणं, खरं सांगू का? डोकं असतं तर साहेबापुढं तोंड उघडलं नसतं."

"पर उत्तर बरोबर आलं म्हणत्यात..."

"पाठ केलेलं एखादं येतंय की सगळ्यांला. घरात कानडी, हितं मराठी, पोरगी धड हिकडची न्हाय, तिकडची न्हाय. न्हाय झेपायचं हिला. तुमच्या भल्याचं सांगतोय."

"अप्पा, मला येतंय," पवित्रा मागनं म्हणली.

"गुरुजी बोलत्यात न्हवं?" मल्लेश तिच्यावर खेकसला. मग त्यानं गुरुजींना हात जोडले आणि गूळ टेबलावर ठेवला. खरं सांगितलं म्हणून उपकारच मानले बघा. आणि गुरुजींनी ढेप उचलून पिशवीत घातली.

उन्हाळ्यात पवित्रा रानात. मग लग्न, मग त्याच चाळीत दुसऱ्या खोलीत संसार, आणि पोट चालवायला फौंड्रीत साच्यांच्या वाळूचं काम.

२००९ साली तिची शांभवी त्याच शाळेत दुसरीला होती. हंबीरराव आता हेडमास्तर. शाळेचा निकाल आपटलेला, वरनं विचारणा झालेली. त्यांनी पालकांची सभा बोलावली आणि सांगून टाकलं, "निकाल का पडतोय? वस्तीच तसली हाय. घरात कोण शिकलेलं असंल तर पोरं शिकणार न्हवं! ज्यांना लिहाय-वाचाय येतंय त्यांनी हात वर करा."

पवित्रानं हात वर केला. डावा. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गुरुजी तिच्यापाशी थांबले. हाताकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आणि पांढऱ्या मिशीत तेच हसू. "मल्लेशची न्हवं तू? घे, हात खाली घे." मागं वळून नोंद करणाऱ्या मास्तरांना म्हणले, "ही न्हाय धरा. अशिक्षित."

"आई, तू पेपर वाचतीस की!" मांडीवरची शांभवी ओरडली.

पवित्रानं तिला चिमटा काढला. "गप."

"पोरगी तुझी व्हय?" गुरुजी वाकले. "काय गं, वर्गात कुठं बसतीस?"

"खिडकीपाशी."

"बरोबर हाय," गुरुजी म्हणले, आणि पुढच्या बाईकडं गेले.