कीडमुक्त साठा

माझी आत्या एका दवाखान्याच्या धुलाईखोलीत एकतीस वर्षं चादरी धूत होती. सोड्याने तिच्या बोटांची सालं निघायची. पण त्याच हातांनी ती वस्तीला बी वाटायची, म्हणून सगळे तिला मूठआत्या म्हणायचे. वजनकाटा नाही, वही नाही. मूठ भरायची, समोरच्याच्या ओंजळीत रिकामी करायची आणि दम द्यायची, "नीट सांभाळ, नाहीतर कान उपटून हातात देईन." दोघांचे तिने खरंच पिरगाळले होते. त्यातली एक मी.

आम्ही इथले मूळचे लोक. इतके मूळचे, की नंतर आलेल्यांनी आम्हाला कचराडेपोच्या मागे जागा दिली. चाळीस घरं. आमच्याकडे घेवड्याची नऊ वाणं, मक्याची चार, भोपळ्याची दोन. प्रत्येक वाण तीन घरांत ठेवायचं, आणि सगळी वाणं एका छपराखाली कधी आणायची नाहीत, हा आत्याच्या आईचा नियम. एखादं घर जळलं तर जळू दे, बी उरलं पाहिजे. परसात जे पिकेल ते जुन्या गॅरेजमधल्या सामाईक चुलीवर यायचं. तिथे रोज बावीस म्हातारी माणसं जेवायची. त्यांना दुसरं कुणी विचारत नव्हतं.

गॅरेजच्या मालकाने जागा विकायला काढली. मी झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. त्याच आठवड्यात एक जाहिरात छापायला आली: मूळनिवासींनी स्वतः चालवलेल्या सामुदायिक अन्न प्रकल्पांना अनुदान. मी उड्या मारत घरी गेले.

"आत्या, हे आपल्यासाठीच आहे. गॅरेज आपलं होईल."

"फुकट कोण देतं गं?" आत्या म्हणाली. "काय काय मागतायत ते आधी वाच."

अर्ज सव्वीस पानांचा होता. मी रोज दुपारी डबा खाता खाता भरला. अनुदान कचेरीतल्या समन्वयक बाई वस्ती बघायला आल्या. बाई गोड होत्या. आत्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती सुंदर काम आहे हो तुमचं!" मग इकडेतिकडे बघून विचारलं, "पण साठा कुठाय?"

"घराघरांत," आत्या म्हणाली.

"अहो, तो साठा झाला का? तपासणीच्या दिवशी सगळं एका ठिकाणी दिसायला हवं. आमच्या कोठारात ठेवा. तपासणी झाली की परत न्या."

आत्याने नकारार्थी मान हलवली. आईचा नियम सांगितला. बाईंनी तो लिहूनही घेतला, 'पारंपरिक ज्ञान' या रकान्यात. त्याला पाच गुण होते.

बाई गेल्यावर मी आत्याच्या डोक्याशी भुणभुण लावली. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. बावीस म्हाताऱ्यांना काय रस्त्यावर वाढणार आहेस का? तुझी आई काय वर बसून मोजतेय? शेवटी आत्या उठली आणि दारोदार फिरली. लोकांनी काही न विचारता बरण्या काढून दिल्या. फक्त पलीकडची म्हातारी सुईण अडून बसली. "एक मूठ मागे ठेवते मी, कुणाला कळणारे?"

"कागदावर 'सगळं' असं लिहून दिलंय," आत्या म्हणाली. "मग सगळंच न्यायचं. खोटेपणा नको." आणि तिच्या हातातून बरणी घेतली.

असला प्रामाणिकपणा आमच्याच लोकांना सुचतो. जाळायचाय काय तो!

पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले. साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग नवे साहेब. पेरणी तोंडावर आली तेव्हा बरण्या परत मिळाल्या, प्रत्येकीवर छापील चिठ्ठी चिकटवलेली. बी पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होतं. आत्याने मुठीमुठीने वाटलं. चाळीस परसांत पेरलं गेलं.

आठव्या दिवशी काही दिसलं नाही. बाराव्या दिवशी आत्याने एक दाणा उकरून काढला, नखाने फोडला, वास घेतला. विसाव्या दिवशी सगळी वस्ती आपापल्या परसात उकिडवी बसून माती उकरत होती. एकही कोंब नव्हता. पंधराच्या पंधरा वाणं गेली.

सुईण आत्याच्या दारात येऊन उभी राहिली. "मूठभर ठेवू दिलं असतंस तर?" एवढंच म्हणाली आणि दारातच थुंकली. त्या दिवसापासून आत्याला कुणी हाक मारली नाही. लोक म्हणायला लागले, आईचा नियम मोडला म्हणून हिचा हात बाधला. बावीस म्हातारेसुद्धा तिने वाढलेलं घेईनात.

आणि अनुदान मंजूर झालं! गॅरेज आमचं झालं. पंधरा कप्प्यांचं पोलादी फडताळ आलं, प्रत्येक वाणाला एक कप्पा. समन्वयक बाईंनी रिकाम्या फडताळासमोर आत्याचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "जरा हसा की!" आत्या हसली. सांगितलेलं ऐकायची तिला सवय लागली होती.

मंजुरीसोबत तपासणीचा अहवाल आला. तो मीच वाचला, दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. 'तीन बरण्यांत कीड आढळली. अन्नसुरक्षा नियमानुसार संपूर्ण अन्नसाठा भट्टीत दोन तास तापवून कीडमुक्त केला. दहापैकी दहा गुण.' अन्न प्रकल्प ना, मग त्यांच्या लेखी ते अन्नच होतं. खाली लिहिलं होतं: 'अर्जदाराची लेखी संमती, पान तेवीस.'

मी पान तेवीस काढलं. 'साठ्यावर आवश्यक ती प्रक्रिया करण्यास आमची हरकत नाही.' खाली आत्याचा अंगठा. तो मीच धरून उमटवला होता. त्या दिवशी ती म्हणाली होती, "यात काय लिहिलंय?" आणि मी तोंडात घास असताना म्हणाले होते, "काही नाही गं, नेहमीचंच."

काल आत्या अंगणात बसली होती. दोन्ही तळहात मांडीवर उलटेसुलटे करून बघत होती. आता ती मिठाच्या बरणीलाही हात लावत नाही, मला घालायला सांगते.

"खरं सांग गं," ती म्हणाली. "तू शिकलेली आहेस. माझ्या हातात काय आलं असेल?"

अहवाल माझ्या पिशवीत होता.

"वय झालं आत्या," मी म्हणाले. "होतं असं कधी कधी."

तिने मान डोलावली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.