शेजाऱ्याच्या लेकीची टेप

कराडला आमच्या भिंतीपलीकडं हे शेजारी राहायचे. पाटणकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन लहान पोरांचं बोलणं टेप करायचं, हे त्यांचं काम. पुढं ती वाक्यं कार्डांवर छिद्रं पाडून पुण्याच्या कॉम्प्युटरला देत, आणि कुठलं पोर बोलण्यात मागं आहे ते तो सांगे. माणूस सोशिक. समोरच्याचं बोलणं संपलं तरी ते क्षणभर थांबत, अजून काही येईल म्हणून.

त्यांची स्वतःची लेक चार वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती.

"आवं, हिचं बी पाठवा की पुण्याला," त्यांची बायको एकदा माझ्यादेखत म्हणाली. "कळंल तरी."

"काय पाठवू? मशीन बोललेलंच मोजतं, गं."

तरी एका दुपारी त्यांनी लेकीसमोर रेकॉर्डिंगला टेप लावली. नंतर मला बोलावून ऐकवली. "बाळा, चिमणी कुठं हाय?" मग खरखर. पुन्हा तेच, पुन्हा खरखर. सगळ्या टेपेत त्यांचाच आवाज, दर वेळी थोडा खाली आलेला.

"इथं ऐका," त्यांनी बोट वर केलं. "इथं तिनं श्वास घेतलाय. बोलायच्या आधी घेतात, तसा."

मला खरखरच ऐकू आली. मी "व्हय" म्हणालो, आणि त्यांनी टेप पुन्हा मागं फिरवली.