जित्या माणसाचा फोटू

४ फेब्रुवारी १९७५ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी भिवंडीतील माझ्या मुलीच्या घराचा जिना उतरलो. खांद्याला कॅमेरा होता. आदल्या संध्याकाळी वाईहून पोहोचलो होतो. जावई कामावर जातो, मुलीला घरकाम असते. रिकाम्या म्हाताऱ्याने त्यांच्या पायात येऊ नये, एवढाच सकाळी बाहेर पडण्यामागचा हेतू.

कॅमेरा साधा, पेटीचा आहे. निवृत्तीच्या वेळी कचेरीतील मंडळींनी दिला. एका रोलवर बारा फोटो निघतात आणि माझा मुक्काम बारा दिवसांचा होता. म्हणून नियम केला की दिवसाला एकच फोटो काढायचा, आणि तोही झाड, पाणी, पाखरू, रस्ता, असे जे रोज दिसते त्याचा. पाहण्याजोगी स्थळे पाहण्याचे माझे वय गेले.

कुमुद, माझी मुलगी, हसली. "अण्णा, साखरेचं रेशन ठाऊक होतं, रॉकेलचं ठाऊक होतं. फोटोंचं पहिल्यांदाच पाहते."

"रोल महाग आहे," मी म्हणालो.

पहिला फोटो कामवारी नदीचा काढला. ओहोटी होती. काळ्या चिखलात एक बगळा उभा होता आणि काठावर कोणी सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. दोन्ही सारखेच पांढरे. बगळा उडेल म्हणून बराच वेळ थांबलो. तो उडाला नाही. उभ्याचाच फोटो घेतला.

भिवंडी हे मागांचे गाव आहे. यंत्रमागाला येथे सर्वजण लूम म्हणतात. पत्र्याच्या शेडांतून ते अखंड खडखडत असतात. पहिल्या दुपारी मला झोप लागली नाही. दुसऱ्या दुपारी लागली. तेवढ्यात वीज गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेने मी दचकून जागा झालो.

दुसरा फोटो एका चिंचेचा. शेडच्या खिडकीतून उडणारे कापसाचे तूस तिच्या पानापानावर बसले होते. हिवाळ्यात दव पडावे तशी ती दिसत होती. मी कॅमेरा रोखला तेव्हा शिफ्ट संपवून बाहेर पडलेला एक कामगार थांबला. त्याच्या भुवयांवरही तेच तूस होते.

"क्या खींच रहे हो, चाचा? इधर तो कुछ है नहीं."

"झाड."

"पेड का फोटू! नोकरी के फारम पे लगायेगा क्या पेड?" असे म्हणून तो आपल्याच विनोदावर हसत गेला. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. झाडाला फोटोची गरज नसते.

तिसऱ्या दिवशी एस.टी.ने खारबावला गेलो. भाताची कापणी केव्हाच झाली होती. मोकळ्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते आणि दूरवर राब (भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तो) धुमसत होता. गावाच्या कडेला एका घरापुढे पेंढ्याची उडवी (गोल रचलेली गंजी) दिसली. इतकी रेखीव उडवी आमच्याकडे कोणी रचत नाही. तिच्या पायथ्याशी एक वृद्ध गृहस्थ उन्हात टेकून बसले होते. अंगावर घोंगडी होती. चेहरा नुकत्याच उतरलेल्या तापाचा वाटला.

दारात त्यांची सून उभी होती. मी कॅमेरा दाखवून विचारले, "फोटो काढू का?"

तिने सासऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "काढा."

आत जाऊन तिने धुतलेली टोपी आणली, सासऱ्यांच्या डोक्यावर नीट बसवली, घोंगडी काढून खांद्यावर स्वच्छ उपरणे घातले. नंतर पदराने डोळे पुसले. मला ते राबाच्या धुराने वाटले. पाहुण्याच्या कॅमेऱ्याचा एवढा मान राखणारे घर पाहून मी संतुष्ट झालो, उडवी आणि गृहस्थ दोघांना भिंगात घेतले, फोटो काढला आणि चहा घेऊन परतलो.

चौथा फोटो कोनच्या रस्त्यावरील मोहरलेल्या आंब्याचा. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर एक कावळीण पत्र्याखाली घरटे करताना दिसली. लूमच्या टाकाऊ तारा आणि रंगीत सूत तिने त्यात गुंफले होते. फोटो झाला. दिवसाचे काम संपले होते, म्हणून खाडी पाहावी या विचाराने खारबावकडील गाडीत बसलो. शेजारी एक वयस्क बाई येऊन बसली. मांडीवर गाठोडे होते आणि ती निःशब्द रडत होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "खारबाव आलं का हो, बाबा?"

"अजून नाही."

"कोनवरनं आले मी. दादा हाय माझा खारबावला. आज न्हाय तर उद्या जायाचा."

"फार आजारी आहेत का?"

"आजार कसला! ताप आलेला, तो उतारला. पन परवा त्याचा फोटू काढला. भिवंडीचा फोटूवाला घरी येऊन गेला म्हनं. उडवीजवल बसवून, टोपी घालून काढला." तिने पदर तोंडाला लावला. "म्हंजे आता काय ऱ्हायलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. या बाजूच्या खेड्यांत फोटोग्राफर म्हाताऱ्या माणसासाठी एकदाच बोलावतात. दिवस भरत आले की भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून. ही समजूत अडाणीपणाची आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझ्या पत्नीचा एकुलता एक फोटो आम्ही तिला इस्पितळात नेण्याच्या आदल्या दिवशी काढून घेतला होता.

मी खाडीचे तिकीट वाया घालवले आणि बाईबरोबर खारबावला उतरलो. तो फोटूवाला मीच, हे तिला वाटेत सांगितले. ती थबकली, तिने माझ्याकडे पायापासून टोपीपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "तुमाला दुसरा धंदा न्हाय का?"

अंगणात दहा-बारा माणसे जमली होती. वृद्ध गृहस्थांचे नाव पांडूतात्या. ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. उशाशी पेजेचा वाडगा तसाच होता, वर साय धरलेली. काल दुपारपासून त्यांनी अन्न घेतले नव्हते. आधीच तापाने खंगलेले शरीर. आणखी दोन दिवस असे गेले असते तर लोकांचा अंदाज खरा ठरला असता, आणि त्याला कारण मी.

मुलगा बाळाराम लूमवर कामाला होता. तो ड्युटी सोडून घरी बसला होता. मी कोण ते कळताच उठून उभा राहिला.

"तुमाला बोलावला कोनी?"

"कोणीही नाही. मी उडवीचा फोटो काढत होतो."

"मला वाटलं, हिनं बोलावला," बायकोकडे हात करून तो म्हणाला. "म्हटलं, बाईमानूस दिसभर घरात असतं, तिला काय तरी दिसलं आसंल. कसं विचारायचं? आत्याला सांगावा धाडला."

"मला वाटलं, ह्यांनी धाडला," सून सीता म्हणाली. "म्हनून मी टोपी धुतलेली घातली."

दोघांनी एकमेकांचे मन राखण्यासाठी तोंड उघडले नव्हते. तात्यांनी मात्र सांगावा ऐकला होता.

मी ओटीच्या कडेला बसून सर्व हकिकत सांगितली. तात्या भिंतीकडे पाहतच बोलले. "पोरांनी शिकिवलंय तुमाला. माजा फोटू झाला. आता जेवन कशाला फुकट घालवता?"

"दादा, आसं बोलू नको रं," बहीण ठकूबाई म्हणाली.

मी विचारात पडलो. या माणसाला शब्दांनी पटणार नव्हते. सरकारी नोकरीत मी अनेकांना शब्दांनी पटवू पाहिले आहे. कोणालाही पटलेले नाही.

"तात्या, आपले वय काय?"

"आसंल साठ-पासष्ट."

"मी सत्तर पूर्ण केली. तेव्हा पाळी आधी माझी. मी उडवीपाशी बसतो. माझा फोटो तुम्ही काढा."

तात्यांनी कूस बदलली आणि मला प्रथमच नीट पाहिले.

"तुमाला कोन रडनारं हाय का हितं?"

"कोणी नाही."

"ठकी रडंल. ती कोनासाठी बी रडती."

बाळाराम आणि सीता यांनी त्यांना धरून अंगणात आणले. कॅमेरा पोटाशी धरून वरून भिंगात पाहायचे असते, ते मी दाखवले. त्या भिंगात डावे-उजवे उलटे दिसते. तात्यांनी बराच वेळ मान खाली घालून पाहिले.

"मी हिकडं सरतो तर तुमी तिकडं पलता! गप ऱ्हावा की!"

"मी हललेलो नाही."

"टोपी नीट करा. सीते, त्यास्नी उपरनं दे माजं."

सीतेने तेच उपरणे माझ्या खांद्यावर घातले. ती ओठ दाबून हसू आवरत होती.

"आता हसू नका," तात्यांनी हुकूम केला.

"मी हसत नसतो."

यावर ठकूबाई इतकी हसली की तिचे गाठोडे खाली पडले. "कोनपासनं रडत आले मी, दादा! माजं रडं कोन परत देनार?"

"ठेव जपून, लागंल. आदी भात टाक. ह्यो बाबा बी उपाशी दिसतोय."

खटका दाबला गेला. एका दिवशी दोन फोटो होऊन माझा नियम मोडला. त्याची खंत वाटली नाही.

तात्या माझ्या शेजारी बसून जेवले. भात, तांदळाची भाकर, वालाचे बिरडे (मोड आणून सोललेल्या वालांची भाजी) आणि भाजलेला सुका बोंबील. मी बोंबील खात नाही. तात्यांनी तो माझ्या ताटातून उचलून खाल्ला. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा बाळाराम उठून विहिरीकडे गेला आणि तोंड धुऊन आला. मग पुढच्या शिफ्टची वेळ झाली म्हणून सायकल काढली. मला श्वास मोकळा झाल्यासारखे वाटले. एवढेच लिहितो.

पुढील दिवसांचे फोटो नियमाप्रमाणे झाले. पाण्यात बसलेल्या म्हशी, विजेच्या तारेवरचे वेडे राघू, पावसाळ्याची वाट पाहत उलटी घातलेली होडी. रोल एक दिवस आधी संपला, त्यामुळे तो भिवंडीतच धुऊन घेता आला. निघण्याच्या आदल्या दिवशी फोटो घेऊन खारबावला गेलो.

तात्या उडवीवर होते. खालून बाळाराम ओरडत होता, "आबा, खाली उतरा!" आणि ते वरून त्याला पेंढा कसा ओढावा ते सांगत होते.

उतरल्यावर त्यांनी आपला फोटो दूर धरून पाहिला.

"ह्यो तर मेल्यावानी दिसतो. त्याच्यापरीस मी बरा."

"भिंतीवर लावणार का?"

"भिंतीवर कशाला? भिंत गेलेल्यांची. पेटीत पडूं दे." मग माझा फोटो मागून घेतला. तो तिरपा आला आहे. कपाळापासून वरचे डोके आणि नीट केलेली टोपी दोन्ही कापली गेली आहेत. मांडीवरचे हात मात्र स्पष्ट. तात्यांनी समाधानाने मान हलवली. "झ्याक आलाय. पन तुमी बी भिंतीला लावू नका."

निघताना सीतेने घरच्या तांदळाची पुरचुंडी पिशवीत घातली. मी नको म्हणालो. तिने ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाईला पोहोचलो. दार उघडले, खिडक्या उघडल्या. भिंतीवर पत्नीचा फोटो होता, त्यावरची धूळ पुसली. बगळा, चिंच, आंबा, कावळीण हे फोटो टेबलावर ठेवले. शेजारी पाहायला येतील. लोक विचारतील, भिवंडीत पाहण्यासारखे काय आहे? उत्तर म्हणून हे पुरेत. डोके नसलेला माझा फोटो ट्रंकेत, गरम कपड्यांच्या तळाशी घातला आणि कुलूप लावले. मग पुरचुंडी सोडली, एका माणसापुरते तांदूळ काढले, त्यात आणखी एक मूठ घातली, आणि धुवायला घेतले.