नांदुऱ्याकडच्या दोन हिरी

नागपूरहून गाडीत बसलो तेव्हा मांडीवर दोन रिकाम्या बाटल्या होत्या. मी देवगडकडचा, चौथीत शाळा सोडलेला, प्रयोगशाळेत काचसामान धुणारा. अशाला केमिस्टसाहेबांनी एकट्याला वऱ्हाडात पाठवलं, हे त्यांचे उपकारच.

नांदुऱ्याला उतरून बैलगाडी धरली. समोर काळी सपाट जमीन, संपता संपेना. आमच्याकडे एवढ्यात दोन डोंगर आणि एक खाडी लागली असती. धक्क्याधक्क्याला मी बाटल्या पोटाशी धरत होतो.

गावात दोन हिरी (विहिरी). वेशीजवळच्या हिरीला लागून कापसाचं जिन. त्याच्या बॉयलरचं सोड्याचं पाणी शेजारच्या खड्ड्यात सोडू लागले, तेव्हापासून त्या हिरीचं पाणी घशाला जाळायचं. सरकारी माणसं पटकीचं औषध टाकून गेली. सोड्याबद्दल कायद्यात अक्षर नव्हतं. जिनचे मुनीम म्हणत, इथली जमीनच खारी. म्हणून साहेबांना दोन्ही हिरींचं पाणी हवं होतं. मळ्यातल्या हिरीत सोडा नाही आणि वेशीच्या हिरीत आहे, असं निघालं तरच मुनीम खोटे ठरणार. नाहीतर गावाने तेच पीत राहायचं.

पाटलांकडे भाकर आणि ठेचा पोटभर जेवलो. हात धुऊन येतो तो दोन्ही बाटल्या भरून उंबऱ्यावर तयार. लखलखीत.

"वहिनी, घासल्या का या?"

"हाव, राखेनं," पाटलांच्या गिरजावहिनी म्हणाल्या. "पाव्हण्याची बाटली मळकी काऊन भरू?"

राखेत खार असतो, हे मी कसंबसं सांगितलं.

"खार निघाला म्हंजे झालं नं बाप्पा," पाटील म्हणाले. "आपल्याले तेच पाह्यजे."

"दोन्हींत निघेल, पाटील. मग मुनीमच खरे."

वहिनी आत गेल्या आणि ओल्या हळदीत बुडवलेलं फडकं घेऊन आल्या. "घाबरून काऊन राह्यले? राखेचं पानी पडलं का हळद लाल होते. धुवा अन् पाहा."

मळ्यातल्या हिरीवर सहाव्या विसळणीला फडकं पिवळंच राहिलं. ती बाटली भरून बूच लावलं. वेशीच्या हिरीवर बायका जमल्या, छत्री घेऊन मुनीमही आले. दहा वेळा विसळलं, पंधरा वेळा विसळलं. थेंब पडला की फडकं लाल. राख जातच नाही, असं वाटून मी पुन्हा बाटली विसळायला घेतली.

"ठेवा ते बाटली खाली," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीने फडक्यावर ओतलं. लालभडक. "याले कोनती राख लागली, मुनीमजी?"

"जमीन खारी हाय, बाई."

"मंग मळ्यातली जमीन काय इलायतीहून आनली?"

बायका खो-खो हसल्या. मुनीम छत्री उघडून चालते झाले. मी बाटली भरून बूच लावलं.

नागपुरात साहेबांच्या तपासणीतही तेच निघालं. कायदा नव्हता, पण तपासणीचा कागद दाखवून गावाने जिनवाल्यांना खड्डा बुजवायला लावला आणि हीर उपसून घेतली. पुढे गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं वहिनींचं पत्र आलं: पाणी गोड झालं, वेशीच्या हिरीवर आता नंबरावरून रोज भांडणं होतात. शाळा सोडल्यापासून मी कशातच पास झालो नव्हतो. दूर वऱ्हाडात बायका पाण्यासाठी भांडताहेत, हे वाचून मी शेजाऱ्यांना पेढे वाटले.