चूक माझी नव्हती

"सॉरी म्हण," बाई म्हणाल्या. त्यांच्याच दिवाणखान्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर. कॉफीचे कप हातात तसेच राहिले आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी अजून पियानोच्या स्टुलावरच होते.

बाईंची मुलगी गात होती, मी साथ करत होते. गाता गाता तिनं एक अख्खं कडवं गाळलं. गाणारा जिथं जाईल तिथं आपण पोचायचं, हे साथीदाराचं काम. मीही मधलं सोडून तिच्यामागे उडी मारली. सूर जरासे अडखळले, पण गाणं मोडलं नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की गाणाऱ्यानं साथीदाराकडे हात करून त्याला उभं करायचं, अशी रीत आहे. तिनं हात केला नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "मध्ये काही झालं का?" ती हसून म्हणाली, "पियानो चुकला, अंकल."

हे घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरात मुरलेलं, मराठी. आम्ही निपाणीकडचे. वडील पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर. आई कॉन्व्हेंट शाळेत झाडू मारते. तिथल्या संगीताच्या सिस्टरनी मला पियानो शिकवला. त्या बदलून गेल्या आणि शाळेचा पियानो कुलपात गेला. मग या बाई म्हणाल्या, मुलीला साथ कर, सकाळी आमच्या पियानोवर रियाज कर. मी हरखून गेले.

पहिल्याच दिवशी बाईंनी गाव विचारलं. मग आडनाव. मग नुसतंच "अच्छा."

दुसऱ्या दिवसापासून माझा रियाज संपला की कामवाली अक्का ओलं फडकं घेऊन यायची. पट्ट्या पुसायची. मला वाटलं, धूळ असेल. पण मुलगी वाजवून उठली की कुणी पुसायचं नाही. कळलं. तरी जात राहिले. गरजवंताला अक्कल नसते. मला दुसरा पियानो कोण देणार होतं?

"म्हण ना. दोन अक्षरं आहेत," बाई म्हणाल्या.

म्हटलं असतं तर उद्या सकाळी पियानो होता. मी मुलीकडे पाहिलं. ती मोबाईल बघत होती.

"चूक माझी नव्हती."

"तुमच्या लोकांना घरात घेतलं की हे असं," बाई म्हणाल्या. लोक कॉफी पीत राहिले.

घरी आई रडली. "स्वल्प वाकली असतीस तर काय झालं असतं गं? मी रोज वाकते की."

मध्यंतरी बाईंचा फोन आला. मुलीची परीक्षा आहे, साथीला कुणी मिळेना. "झालं गेलं सोड. येऊन तिला सॉरी म्हण आणि रियाज सुरू कर."

मी नाही म्हणाले. आता मी उर्मट आहे, असं त्यांनी चारचौघांत पसरवलंय. साथीला कुणी बोलवत नाही. मी पीण्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले आहे. बोटं जड होत चालली आहेत आणि मला त्याचं रडू येतं. काही चांगलं होईल असं वाटत नाही.

न होवो. पुन्हा कधी पियानो मिळाला नाही तरी चालेल. माझ्यामागून पट्ट्या पुसून घेणाऱ्यांची चूक मी माझ्या अंगावर घेणार नाही.