जिल्हा झाला की बघू!

आमच्या कॉलेजातलं काही सांगायला बसले की मैत्रिणी म्हणतात, "तू रचून सांगतेस!" अगं, रचायला डोकं शांत लागतं. माझं तर तासाची घंटा वाजली तरी काळीज हलतं. मी नुसती दचकते. किस्से आपोआप साचतात. त्यात तो दुष्काळ, आणि त्यात 'आपला तालुका जिल्हा होणार' ही हवा! नांदेड आणि लातूरच्या मधोमध आमचं गाव. टँकर दोन्हीकडचे जायचे, थांबायचा एकही नाही.

* * *

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मोकळी खुर्ची दिसली, बसले.

"मॅडम!"

मी उभीच राहिले. पर्स सांडली. हाक सूर्यवंशी सरांची. इतिहास शिकवतात. केस पांढरे झाले, तरी माझ्यासारखेच तासिका तत्त्वावर. जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, आणि पुढच्या जूनला ऑर्डर मिळेल याचा भरवसा नाही.

"ती खुर्ची परमनंट हाय," ते म्हणाले.

"आणि आपण?"

"आपण खिडकी."

तेव्हापासून मी खिडकीच्या कट्ट्यावर बसते.

* * *

पाणीटंचाई म्हणून प्राचार्यांनी आठवडाभर सुट्टी दिली. परमनंट मंडळी खूष! आमचा तास बुडाला की मानधनही बुडालं. सूर्यवंशी सर तडक केबिनमध्ये.

"सर, आमच्या पोटालाबी सुट्टीची नोटीस काढा. ते लई ओरडून राहिलंय."

प्राचार्य गोड हसले. "जिल्हा होऊ द्या हो. मग सगळेच परमनंट!"

हे त्यांचं ठरलेलं. पंखा बंद? जिल्हा झाला की बघू. लायब्ररी गळते? जिल्हा झाला की बघू! पाऊसच नव्हता, तर गळत कुठं होती म्हणा.

* * *

मग मुलींच्या संडासाला कुलूप लागलं. 'पाणी नसल्याने बंद.' पोरं मागच्या बाभळीत जायची. पोरींनी कुठं जावं, ते पाटीवर नव्हतं.

मी वर्गात पर्जन्यछाया शिकवत होते. लोह्याकडच्या खेड्यातून एसटीनं येणारी शुभांगी बाकावरून धाडकन खाली! मी किंचाळले. खडूचा डबा उडाला. पोरींनी तिला उठवलं आणि मला बसवलं.

"सकाळपासून पाणी पिलं न्हाई मॅडम," ती म्हणाली. "पिलं की जावं लागतंय. घरी कळलं तर कॉलेजच बंद करतील."

मग हळूच, "तुम्ही पिता का?"

मीही पीत नव्हते.

* * *

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. वाक्य पाठ करून गेले होते, तरी निम्मंच निघालं.

"मॅडम, दुष्काळ आहे. ॲडजस्ट करायचं," प्राचार्य म्हणाले. "जिल्हा झाला की नवी पाइपलाइन..."

तेवढ्यात त्यांच्या खुर्चीमागून, त्यांच्या खास संडासाच्या दाराआडून, नळाचा आवाज आला. बादली भरत होती.

मी दचकले. पहिल्यांदाच, माझ्यासोबत समोरचाही दचकला!

* * *

त्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धा. विषय, 'माझ्या स्वप्नातला जिल्हा'. पोरांनी कलेक्टर ऑफिस बांधलं, विमानतळ उतरवला. शुभांगी स्टेजवर आली.

"माझ्या स्वप्नातल्या जिल्ह्यात संडासाची किल्ली पोरींकडं असंल. धन्यवाद."

आणि स्टेजवरून उतरलीसुद्धा! परीक्षक होते सूर्यवंशी सर. पहिला नंबर दिला. "वेळेचं बंधन पाळणारी एकटीच निघाली," म्हणाले.

* * *

बक्षीस मिळालं, कुलूप तसंच. दोन पोरी यायच्या बंद झाल्या. तेव्हा मात्र मी घरून बाटली भरून नेली आणि भर वर्गात घटाघटा प्यायले. पोरी बघत राहिल्या. मग त्यांनीही बाटल्या काढल्या.

दुपारी आम्ही केबिनकडं निघालो. पुढं मी, मागं शुभांगी, तिच्यामागं पार जिन्यापर्यंत पोरी. खिडकीपाशी सूर्यवंशी सर पुटपुटले, "मॅडम, जूनची ऑर्डर गेली समजा."

"खिडकी तुम्हाला मोकळी होईल," मी म्हणाले. हे मी म्हणाले, माझा मलाच विश्वास बसेना!

केबिनमध्ये नवा जिल्हा मागणाऱ्या समितीचे अध्यक्ष चहा पीत बसलेले. मी दार वाजवलं.

"मे आय कम इन, सर?"

"एवढ्या सगळ्या?" प्राचार्य उठलेच. "काय काम आहे?"

 मी नुसतं त्यांच्या मागच्या दाराकडं बोट दाखवलं.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "काय मागणी आहे गं पोरींनो?"

माझ्या खांद्यावरून शुभांगीनं मान पुढं काढली.

"साहेब, जिल्हा होईस्तोवर दम निघत न्हाई!"