एक ठोका आधी

माझ्या वरच्या खोलीतला माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी कामावरून आला की ट्रॉम्बोन वाजवायचा. ट्रॉम्बोन म्हणजे पुढे-मागे सरकवायची ती लांबलचक पितळी नळी. इमारतीत सगळे त्याला भोंगा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. मीही त्यातलीच. मी पडदे शिवते. दिवसभर मशीनची घरघर सोसल्यावर कानांना जरा विसावा हवा असतो, तर वरून भों. मग शांतता. मग भों-भों. पुन्हा शांतता. धड गाणं असतं तर कौतुकाने ऐकलं असतं. हे म्हणजे बोलायला तोंड उघडायचं आणि काय बोलायचं तेच विसरायचं. मी फरशी पुसायचा दांडा उचलायचे आणि छताला ठोके द्यायचे. थांबायचं सोडून त्याला आणखी चेव चढायचा.

एकदा तावातावाने वर गेले. "अहो लिफ्टवाले, येत नाही तर वाजवता कशाला?"

"येतं की, ताई," तो शांतपणे म्हणाला. "पण हा दुसरा ट्रॉम्बोन आहे. चाल पहिल्याकडे असायची."

खोलीत एक खाट, एकच खुर्ची, आणि भिंतीवर काळे सूट घातलेल्या तरुण मुलांचा फोटो. तो त्यांचा बँड. त्यातला पहिला ट्रॉम्बोन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बाकीचे पोटापाण्यासाठी पांगले, भाऊ वारला, आणि याच्याकडे उरला तो हा तुकड्या-तुकड्यांचा हिस्सा.

"मग आता तुम्हीच वाजवा ना चाल."

"ती दादाची आहे."

मी खुर्चीवर बसले. मग ते वाजवायचे ते स्का म्हणजे काय, हे त्याने मला सांगितलं. हे संगीत जमैकात जन्मलं. तिथली माणसं कामासाठी इंग्लंडला गेली, सोबत रेकॉर्डी गेल्या. तिथे काळ्या-गोऱ्या पोरांनी मिळून ते पुन्हा उभं केलं, आणि मग ते जगभर फिरत राहिलं. या दोघा भावांना ते सापडलं एका खलाशाने विकलेल्या रेकॉर्डीवर.

"यात गिटार ठोक्यावर नाही वाजत, दोन ठोक्यांच्या मधे वाजते," तो म्हणाला. "तुमचा दांडा बरोबर तिथेच पडतो. म्हणून तर मी थांबत नाही."

इतकी वर्षं मी त्या माणसावर खेकसत होते आणि तो मला साथ समजत होता!

त्यांच्या बँडनेही एक रेकॉर्ड काढली होती. एकच. तिच्यात हा घाबरून एक ठोका आधीच घुसला. पुन्हा वाजवायला स्टुडिओत वेळ नव्हता. "दादा शेवटपर्यंत म्हणायचा, तुझ्या घाईने मातेरं केलंस."

आता त्याचे पुढचे दोन दात हलत होते. काढून टाका म्हणून दातांच्या डॉक्टरांनी धोशा लावला होता, आणि हा टाळत होता. "दात गेले की माझी फुंक गेली, ताई. त्याआधी एकदा कुणाच्या तरी सोबत वाजवायचंय. एकदाच. एकट्याने वाजवून अगदी जीव विटला."

मग एका नाट्यगृहाची लिफ्ट दुरुस्त करताना त्याला तिथे पोस्टर दिसलं. कुठल्याशा दूरदेशीचा स्का बँड येणार होता. एकदा सोबत वाजवू द्याल का, असं जाऊन विचारायचं त्याने ठरवलं. एकट्याला लाज वाटते म्हणून मला ओढून नेलं. ट्रॉम्बोनची पेटी छातीशी धरून आम्ही मागे उभे राहिलो. स्टेजवर सगळी नातवंडांच्या वयाची पोरं, उड्या मारत वाजवणारी. माझे कान किटले. निघू या म्हणणार, तेवढ्यात ऐकू आलं. भों. पण मग शांतता आली नाही. माझ्या छतावरच्या सगळ्या रिकाम्या जागा एकेक करून भरत गेल्या, आणि त्याच्या दादाची चाल मी पहिल्यांदा ऐकली. काय सुंदर होती हो! आणि मग स्टेजवरचे तिन्ही ट्रॉम्बोन, मुद्दाम, एकदम, एक ठोका आधी घुसले. सगळी गर्दी त्या ठोक्यावर उसळली. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही स्टेजपाशी गेलो. ते गाणं कुठून मिळालं, असं मी विचारलं. ट्रॉम्बोनवाली मुलगी बोलली, आणि तिच्याबरोबरच्या माणसाने आम्हाला अर्थ सांगितला. त्यांना शिकवणाऱ्या सरांना ती रेकॉर्ड जुन्या बाजारात मिळाली होती. तो ठोका जागेवर वाजवला की गाण्यातला जीवच जातो, म्हणाली. "ज्याने वाजवलाय तो मोठा धीट असणार."

"घाबरट होता," लिफ्टवाला म्हणाला.

मुलीने पेटी पाहिली आणि हसून खूण केली, वाजवा. दोघा-तिघांनी वाद्यं उचलली. याने ट्रॉम्बोन ओठांना लावला. त्याची जागा आली. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं, तर ओठावर रक्त आलं. पोरं गुणी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून सोसत नाहीत.

वाटेत मी भडकले. "तो मीच, हे सांगायला काय झालं होतं?"

"दादा असता तर त्याला सांगितलं असतं," तो म्हणाला. "बाकी कुणाला सांगून काय करू?"

दात काढले. वरचा आवाज बंद झाला. हवी होती ना शांतता, घे म्हणावं. संध्याकाळ झाली की मी मशीन थांबवून उगाच वर बघत बसायचे. माझं घर एवढं रिकामं आहे, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

काल राहवलं नाही. दांडा उचलला, आणि ती चाल मनातल्या मनात म्हणत छताला ठोके देऊ लागले, दोन ठोक्यांच्या मधे, त्याने सांगितलं होतं तसे. वर काही हललं नाही. दुसऱ्यांदा सुरुवात केली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याची जागा जवळ येत होती. मी ठोके देत राहिले, आणि वरून फरशीवर पाय आपटला, एक ठोका आधी.